कड दिसत नाही

सिस्टरना मी नीट ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या मूळच्या कुठल्या, त्यांना गाणं आवडायचं का, सुट्टीच्या दिवशी त्या काय करायच्या, यातलं मला काहीही सांगता येणार नाही. त्यांना एक धाकटी बहीण आहे हेसुद्धा मला अगदी शेवटी कळलं, आणि तेही त्या बहिणीनंच दार उघडलं म्हणून. वर्षानुवर्षं आम्ही एका गाडीतून हिंडलो, पण त्यांचं काम पडद्याच्या आत आणि माझं बाहेर. माझी त्यांच्याशी ओळख होती ती आवाजापुरती.

"मग आवाजाचंच लिहा," असं आमची मंडळी म्हणाली. ती आज माझ्यासमोर बसून शेंगा सोलते आहे ती सिस्टरमुळे, तेव्हा तिचं ऐकणं भाग आहे.

मी आरोग्य केंद्राचा मिस्त्री. दवाखान्याची गाडी चालवायची, वस्तीत पोचलं की घडीचं टेबल उघडून मांडायचं, दिवा जोडायचा, पडदा ओढायचा आणि बाहेर स्टुलावर बसायचं. आत सिस्टर बायकांची गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायच्या. हा आजार मुळावर यायला वर्षं घेतो आणि तोवर दुखत नाही की खुपत नाही. म्हणून ज्यांना काहीच होत नाही त्यांनाच आधी तपासायचं. आणि ज्यांना काहीच होत नाही त्या कशाला टेबलावर चढतील? सिस्टरचं निम्मं आयुष्य त्यांना चढवण्यात गेलं.

मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरबाईंना पाहायचं होतं की तपासणीच्या तीन पद्धतींपैकी कुठली आमच्यासारख्या ठिकाणी खरोखर टिकते. म्हणून काही वस्त्यांत एक, काहींत दुसरी, काहींत तिसरी असं ठरलं होतं. पहिली व्हिनेगरची. पातळ केलेलं व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि दिव्याखाली बघायचं. बिघाड असेल तर तेवढा भाग पांढरा पडतो. दुसरी काचेची. लाकडी पट्टीनं पेशी खरवडून काचेवर पसरायच्या आणि शहरात पाठवायच्या. तिकडे कुणीतरी सूक्ष्मदर्शकातून बघणार. तिसरी ब्रशची. छोट्या ब्रशनं आतलं पाणी टिपून नळीत घालायचं, यंत्र त्यात हा आजार आणणारा विषाणू आहे का ते शोधणार.

रांगेतल्या बायकांना सिस्टर याचा असा उलगडा करायच्या: "व्हिनेगर म्हणजे मी माझ्या डोळ्यांनी बघणार. काच म्हणजे लांबचं कुणीतरी बघणार. आणि ब्रश म्हणजे बघायचंच नाही, कुत्र्यासारखा वास काढायचा."

"मग चांगलं कुठलं हो?" एकीनं विचारलं होतं.

"ज्याचा निकाल तुझ्या हातात पडेल ते."

हे त्या उगाच बोलत नव्हत्या. काचेचे निकाल यायला इतके दिवस लागायचे की तोवर निम्म्या बायका घरं बदलून गेलेल्या असायच्या. मी गाडी घेऊन दारोदार त्यांना शोधत फिरायचो. व्हिनेगरचं तिथल्या तिथे कळायचं, गरज पडली तर इलाजही त्याच टेबलावर व्हायचा. पण ज्यांना काही झालेलं नाही अशाही कितीतरी जणी त्यात पांढऱ्या दिसायच्या आणि घाबरून जायच्या. ब्रश सगळ्यात भरवशाचा. मात्र यंत्र एकच, ते लांब, आणि तरण्या मुलींमध्ये विषाणू सापडला तरी बहुतेक वेळा तो आपला आपण निघून जातो, हे त्यांच्या आयांना समजावता समजावता सिस्टरचा घसा बसायचा.

व्हिनेगरचं ते एक मिनिट मला अजून ऐकू येतं. सिस्टर घड्याळ बघायच्या नाहीत. गप्पा मारायच्या.

"सासू कशी आहे गं?"

"गेली."

"अगं बाई! कधी?"

"अजून नाही, पण मला असं म्हणून बघायला आवडतं."

आतून दोघींच्या हसण्यानं टेबल कुरकुरायचं आणि बाहेरची रांग काही न कळता हसायला लागायची. वस्तीतली पोरं त्यांना आंबटबाई म्हणायची, कारण त्यांच्या अंगाला कायम तो वास. त्यांना त्याचा राग नव्हता. राग यायचा तो कुणी "आमच्यात असलं काही नसतं" म्हटलं की. मग त्या काय बोलायच्या ते मी इथे लिहू शकत नाही.

आमची वस्ती ब्रशात आली. मी घरी विषयच काढेना. सिस्टरनीच एकदा गाडीत छेडलं.

"मिस्त्री, वहिनींना का आणत नाही? लाजता की काय?"

"ती नाही म्हणते."

"काय म्हणते?"

"म्हणते, तुमच्याच गाडीत, तुमच्याच दिव्याखाली? मी मेले तरी येणार नाही."

त्या खो खो हसल्या. मग एक ब्रश आणि नळी माझ्या हातात ठेवली. "मरायची गरज नाही म्हणावं. न्हाणीघरात जाऊन स्वतःच घ्या. दिवासुद्धा नको."

हिनं घेतला. निकाल आला तो वाईट, विषाणू सापडला. मग ही मुकाट टेबलावर चढली. सिस्टरनी व्हिनेगर लावून पाहिलं, काही दिसलं नाही. तेव्हा त्यांनी हिला समजावलं ते मी पडद्याबाहेरून शब्दन् शब्द ऐकलं. गर्भाशयाच्या तोंडाशी बाहेरची कातडी आणि आतलं अस्तर जिथे एकमेकांना भेटतात तिथे एक कड असते. बिघाड सुरू होतो तो त्या कडेवर. तरुणपणी ती समोर दिसते. वय झालं, पाळी गेली की ती आत सरकते. मग व्हिनेगर लावून काय उपयोग, जिथे बघायचं ते डोळ्यासमोर नाहीच. ब्रशाला मात्र आतलंही कळतं. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आत बघितलं, नखाएवढा तुकडा काढला, आणि संपलं. तेव्हापासून दर वर्षी एकदा तपासून यायचं एवढंच मागे उरलं.

आता मुख्य सांगायचं ते सांगतो.

अधूनमधून नव्या नर्स मुलींची तुकडी शिकायला यायची. शिकायचं म्हणजे बघायला हवं, आणि आठ दहा मुली वाकून बघणार म्हटल्यावर वस्तीतली कुठली बाई तयार होणार? पहिल्याच तुकडीच्या वेळी सगळं अडलं. सिस्टरनी चपला काढल्या आणि स्वतः टेबलावर चढल्या. "या गं. माझ्यापासून सुरू करा. चुकलात तर मीच ओरडेन." तेव्हापासून तीच रीत पडली. प्रत्येक तुकडी पहिल्या दिवशी सिस्टरना तपासायची. त्यांच्यावर सगळ्यांनी निरोगी म्हणजे कसं ते शिकायचं. आतून एकेकीचा आवाज यायचा, "स्वच्छ." "स्वच्छ, सिस्टर." आणि सिस्टर म्हणायच्या, "माझ्याइतकी तपासलेली बाई जगात दुसरी नसेल."

मुलींकडून त्या पाढे म्हटल्यासारखं घोकून घ्यायच्या.

"कड दिसली नाही तर?"

"स्वच्छ म्हणायचं नाही!"

"मग काय म्हणायचं?"

"दिसत नाही म्हणायचं!"

"आणि?"

"ब्रश!"

मला बाहेर बसून पाठ झालं होतं.

वर्षं गेली. तुकड्या येत राहिल्या, रीत तीच राहिली, आणि सिस्टरची पन्नाशी कधी उलटली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेवटच्या काही तुकड्यांपैकी एकीत एक बारीक आवाजाची मुलगी होती. इतकी हळू बोलायची की मला कान द्यावा लागायचा. तिचा नंबर आला तेव्हा आत दिवा सरकवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "सिस्टर, कड दिसत नाही."

"अगं, मी आहे ही," सिस्टर म्हणाल्या. "माझं सगळ्यांनी बघून झालंय. म्हण स्वच्छ आणि हो बाजूला, पुढचीला येऊ दे."

मुली हसल्या. मुलगी म्हणाली, "स्वच्छ."

ब्रशच्या नळ्या गाडीत खोक्याने पडलेल्या असायच्या. सिस्टरनी एक स्वतःसाठी मागितली असती तर डॉक्टरबाईंनी दहा दिल्या असत्या. पण मागायची कशाला? इतक्या जणींनी पाहिलेलं. प्रत्येक तुकडीला वाटायचं, आधीच्या तुकडीनं पाहिलंच आहे. डॉक्टरबाईंनाही तसंच वाटत होतं.

आम्ही दोघं निवृत्त झालो. मी माझ्या घरी, त्या त्यांच्या. भेट नाही. मग एके दिवशी त्यांचा फोन आला. "मिस्त्री, तुमच्या हाताला अजून गाडी वळते का?"

मी गेलो. धाकट्या बहिणीनं दार उघडलं. सिस्टर खाटेच्या कडेला बसून चपला घालत होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी जमिनीकडेच बघत राहिलो.

"असं खाली बघू नका, सांगते," त्या म्हणाल्या. "पाळी जाऊन इतकी वर्षं झाली आणि रक्त जायला लागलं. त्याच दिवशी कळलं मला. डॉक्टरबाईंनी बघितलं तर खूप पुढे गेलेलं आहे. आत होतं. पार आत."

बहीण मागे उभी राहून चादरीची घडी घालत होती. तीच घडी मोडून पुन्हा घालत होती.

"कुणाला सांगू नका," सिस्टर म्हणाल्या. "आंबटबाईलाच झालं म्हटल्यावर एक बाई तपासायला यायची नाही. पण मला एका मुलीकडे जायचंय."

डॉक्टरबाईंनी केंद्राची गाडी दिली. ती बारीक आवाजाची मुलगी आता टेकडीपलीकडच्या छोट्या दवाखान्यात एकटीच काम बघत होती. सिस्टर मागच्या सीटवर उशी घेऊन बसल्या, मांडीवर एक खोकं. मला वाटलं, खायचं काही असेल. खड्डा आला की त्या डोळे मिटायच्या, म्हणून मी गाडी इतकी हळू हाकत होतो की सायकलवाले पुढे जात होते.

"वरातीला चाललोय का?" त्या म्हणाल्या.

माझ्या मनात एक गोष्ट खदखदत होती. शेवटी विचारलं. "सिस्टर, दिवा कमी पडला का हो?"

"तुमचा दिवा? त्यानं माझ्या मांड्या भाजायच्या. दिव्याचं काही नाही, मिस्त्री. सूर्य आणून लावला असता तरी आतलं कसं दिसणार?" मग त्या म्हणाल्या, "एकीला कळलं होतं. तिला मी गप्प केलं. माझं जाऊ द्या. पण ती त्या दिवशी काय शिकून गेली असेल, तेवढंच रात्रंदिवस डोक्यात घुमतंय."

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, मध्ये प्लायवूडची भिंत. मी नेहमीसारखा बाहेर बाकावर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"सिस्टर! अहो, किती वाळलात! बसा ना. चहा टाकते."

"चहा नंतर. आधी सांग, कड दिसली नाही तर काय म्हणायचं?"

मुलगी हसली. "अजून परीक्षा घेताय?"

"घेतेय. सांग."

"घोकलेलं सांगू की खरं?"

"खरं सांग."

"खरं म्हणजे… वयस्कर बायकांची कितीदा दिसतच नाही हो. पांढरं काही नसलं की स्वच्छ म्हणते मी. तुम्हीच नाही का म्हणालात तेव्हा."

मी बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो.

"म्हणाले होते," सिस्टर म्हणाल्या. "चुकीचं म्हणाले होते. तू बरोबर होतीस, बाळ. माझी कड दिसत नव्हती. आणि आत काहीतरी होतं."

मुलीला कळायला वेळ लागला. मग तिचा आवाज आला, आणि तो बारीक नव्हता. "मी बघितलं होतं तुम्हाला! मी माझ्या डोळ्यांनी… मी 'दिसत नाही'च म्हणायला हवं होतं, मी अडून बसायला हवं होतं…"

"त्या सगळ्यांत नीट बघितलंस ते तू एकटीनं. हे तुला सांगायला आले. आणखी एक सांगायला आले. रडून झालं की आठव, कुणाकुणाला स्वच्छ म्हणालीस."

"नावं कशी आठवणार मला?"

"नावं राहू दे. घरं आठवतील."

खोक्यात नळ्या होत्या. डॉक्टरबाईंकडून मागून आणलेल्या.

मुलगी बाहेर पडली आणि बायकांना बोलवायला लागली. आल्या थोड्या. बहुतेक म्हणाल्या, आमचं झालंय, स्वच्छ सांगितलंय, आता पुन्हा काय? एक टोपल्या विणणारी म्हातारी तर दारातूनच भांडायला लागली. "तुमचंच माणूस सांगतं काही नाही, तुम्हीच सांगता पुन्हा बघू. आम्ही काय रिकामटेकड्या आहोत?"

सिस्टर माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या होत्या. उठायची ताकद नव्हती. त्यांनी म्हाताऱ्या बाईचा हात धरून तिला खाली बसवलं.

"मलाही स्वच्छ सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? बघ माझ्याकडे."

म्हातारीनं पाहिलं. आधी तोंडाकडे, मग सैल झालेल्या कपड्यांकडे. "कुणी सांगितलं होतं, त्या मेल्याचं नाव सांग," ती म्हणाली.

"मीच सांगितलं होतं."

हे बोलायचं नाही असं त्यांनी मलाच बजावलेलं. आता दारात उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. मला वाटलं, गेलं, आता एकही थांबायची नाही. म्हातारीनं पदर खोचला. मग तिनं नळी उचलली. "न्हाणीघर कुठाय?" तिनं विचारलं. बाकीच्या तिच्यामागे उभ्या राहिल्या.

परत येताना सिस्टर मागच्या सीटवर आडव्या झाल्या. मी आरशात बघायचं टाळलं.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जात राहिलो. बोलायला मला काही सुचत नसे, म्हणून दुरुस्त्या काढायचो. पंखा, नळ, खिडकीची खिट्टी. सिस्टर आता जेमतेम कुजबुजायच्या. एवढा मोठा आवाज माणसातून कसा निघून जातो, मला माहीत नाही. बहीण सांगायची, दिवसभर एकच विचारतात, त्या मुलीचं काही कळलं का.

मुलीचा निरोप आला, निकाल हातात पडले आहेत, मी स्वतः येऊन सांगते. पण ती ठरल्या दिवशी आली नाही. बोलावलेल्या बायकांपैकी दोघींत बिघाड सापडला होता, त्यातली एक ती टोपल्या विणणारी. मोठ्या दवाखान्यात एकटी जायला ती घाबरत होती, म्हणून मुलगी तिला घेऊन गेली. दोघींचंही अगदी सुरुवातीचं होतं, निभावलं. मुलगी दोन दिवस उशिरा पोचली तेव्हा खाट रिकामी होती आणि बहीण उशीचे अभ्रे धूत होती. मुलगी जिन्यातच बसली. मी पान्हा हातात धरून तिथेच उभा राहिलो.

सिस्टरना ते कळलं असतं तर काय झालं असतं, यावर आमची मंडळी आणि मी अजून बोलतो. ही म्हणते, हसल्या असत्या. मला वाटतं, आधी मुलीला उशीर झाला म्हणून झापलं असतं.

माझं आणि त्यांचं शेवटचं बोलणं झालं ते त्या मुलीची वाट बघण्यातच. मी निघालो होतो. त्यांनी बोटानं थांबवलं, म्हणून मी वाकून कान जवळ नेला.

"जिन्यातला दिवा लुकलुकतोय हो मिस्त्री. ती मुलगी यायचीय."

"उद्या बल्ब घेऊन येतो."

"उद्या नको. उद्या वहिनींची तपासणी आहे ना? परवा या."

"बरं, सिस्टर. परवा येतो."